फ्रान्सच्या खेड्यातल्या पुरस्कारवाल्या खानावळीत परवडेल असं जेवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सला निघालेल्या मंडळींचा पॅरिसबाहेर गाडीने फिरायचा बेत असला की जेवणाचे प्रश्न ठरलेले असतात. खेड्यातली जुनी खानावळ, दाराशी पुरस्काराची लाल पाटी, आत त्या मुलखाचं जेवण आणि बिल पाहून पोटात गोळा येऊ नये, एवढी सगळ्यांची अपेक्षा. ती पुरी होते. अट एकच, तिथल्या घड्याळाप्रमाणे आणि तिथल्या चुलीप्रमाणे वागायची तयारी हवी. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

‘ओबेर्ज’ म्हणजे हॉटेल की रेस्टॉरंट?

दोन्ही. खाली जेवणघर आणि वर मोजक्या खोल्या, ही मूळ कल्पना. घोडागाड्यांच्या काळात वाटसरूंना जेवण आणि पथारी मिळायची ती जागा. आता बऱ्याच ठिकाणी वरच्या खोल्या बंद झाल्या आहेत आणि नाव तेवढं उरलं आहे. पाटीवर ओबेर्ज लिहिलंय आणि छताला काळ्या लाकडी तुळया आहेत, एवढ्यावर आत चांगलं शिजतं असं धरून चालू नका. तुळया शिजवत नाहीत.

याचं एक भावंड म्हणजे ‘फेर्म-ओबेर्ज’, शेतावरची खानावळ. पूर्वेकडच्या व्होज डोंगरात, मुन्स्टेरच्या खोऱ्यात अशा पुष्कळ आहेत. तिथे गुराख्यांचं म्हणून ओळखलं जाणारं ठरलेलं जेवण मिळतं. मांसाचं सारण भरून भाजलेली मोठी पेस्ट्री, कांदा-बटाट्याची मंद आचेवरची भाजी आणि शेवटी मुन्स्टेर चीज. दुपारी ते खाल्लं की संध्याकाळच्या जेवणाचा खर्च आपोआप वाचतो.

दारावरची ती लाल पाटी कसली?

बहुतेक वेळा मिशेलिन गाइडची. टायर बनवणाऱ्या आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी १९०० साली मोटार चालवणाऱ्यांना फुकट वाटायला एक पुस्तिका काढली. लोक गाड्या घेऊन लांब जातील, टायर झिजतील, धंदा वाढेल, असा साधा हिशोब. १९२६ पासून त्यात चांगल्या जेवणघरांना तारे मिळू लागले.

परवडणाऱ्या जेवणासाठी वेगळी खूण आहे, ‘बिब गुर्माँ’. टायरांचा तो गुबगुबीत पांढरा माणूस, बिबेंडम, जीभ बाहेर काढून ओठ चाटतो आहे असं तिचं चित्र असतं. हे नाव १९९७ साली आलं, त्याआधी अशा जेवणांसाठी गाइडमध्ये लाल ‘आर’ अक्षर असायचं. माफक किमतीत तीन पदार्थांचं पूर्ण, चांगलं जेवण, हा निकष. किमतीची मर्यादा देशागणिक वेगळी असते आणि अधूनमधून वाढते, म्हणून जुन्या ब्लॉगमधला आकडा धरून बसू नका.

तपासनीस नाव न सांगता येतात, जेवतात, स्वतःचं बिल भरतात आणि जातात. खूण दरवर्षी नव्याने ठरते, काढूनही घेतात. पाटीवर साल छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. पाच वर्षांपूर्वीची पाटी अभिमानाने लटकत असेल आणि यंदाची नसेल, तर काय ते समजून घ्यायचं.

म्हणजे बिब हा ‘अर्धा तारा’ का?

नाही. तारा फक्त ताटातल्या गोष्टीला, किंमत काहीही असो. बिबमध्ये किमतीशी मेळ पाहतात. एकाच जेवणघराला एकाच वेळी दोन्ही मिळत नाहीत.

खेड्यातल्या खानावळींना तारेही मिळतात, आणि फार पूर्वीपासून. युजेनी ब्राझिए या बाईंना १९३३ साली दोन ठिकाणी तीन-तीन तारे होते. एक ल्यों शहरात, दुसरं शहराबाहेरच्या डोंगरात, कोल द ला ल्युएर इथे. अल्सासमधल्या इलहाउझर्न नावाच्या चिमुकल्या गावातल्या ‘ओबेर्ज द लिल’ला १९६७ पासून तीन तारे होते, तिसरा २०१९ साली गेला. अशा जागी जायचं तर वेगळे पैसे बाजूला काढून जायचं. हे पान त्यांच्यासाठी नाही.

मिशेलिनखेरीज कोणत्या पाट्यांवर भरवसा ठेवावा?

माझ्या लेखी तीन.

‘मेत्र रेस्तोरातर’ हा सरकारमान्य किताब आहे, २००७ पासून दिला जातो. मालकाचं कौशल्य बघतात आणि स्वयंपाक मुख्यतः ताज्या, कच्च्या मालापासून तिथेच होतो का, हे तपासतात. चकचकीत पुरस्कार नव्हे, पण पाकीट फोडून गरम करणारी मंडळी यातून गळतात.

‘बिस्त्रो द पेई’ ही माझी लाडकी. १९९३ साली प्रोव्हाँसमध्ये फोर्काल्किएच्या परिसरात सुरू झालेली चळवळ. दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी. खानावळ वर्षभर चालू ठेवायची आणि मुलखातला माल वापरायचा, असा तिचा करार. गावातलं हे बऱ्याचदा शेवटचं उरलेलं दुकान असतं, म्हणून पाव आणि वर्तमानपत्रही तिथेच मिळतं. जेवण साधं, पण गाव तिथे बसलेलं दिसतं.

‘लोजी’ ही १९४९ पासूनची लहान हॉटेलांची साखळी. मालक वेगवेगळे, पाटी एक. त्यांच्या जेवणघरांना ताऱ्यांऐवजी ‘कोकोत’, म्हणजे झाकणाची जाड पातेली, मिळतात. राहणं आणि जेवण एकत्र हवं असेल तर इथून शोध सुरू करा.

शिवाय मेन्यूकार्डावर पदार्थाशेजारी छपरासारखं झाकण असलेल्या पातेल्याचं छोटं चित्र दिसलं तर तो ‘फे मेझों’, म्हणजे तिथेच केलेला पदार्थ. हा नियम २०१४ चा. पाव, चीज यांसारख्या गोष्टी बाहेरून आणलेल्या चालतात.

एका माणसाला किती खर्च येईल?

आठवड्याच्या दिवशी दुपारी खेड्यातल्या साध्या ओबेर्जमध्ये दिवसाचं ठरलेलं जेवण साधारण १५ ते २५ युरोंत होतं. बिब असलेल्या ठिकाणी तीन पदार्थांचं पूर्ण जेवण तिशी-चाळिशीच्या घरात जातं. पण बिबवाल्या बऱ्याच जागाही दुपारचा वेगळा, स्वस्त मेन्यू ठेवतात आणि रात्रीसाठी तेच हात, तीच चूल थोडी जास्त सजवून दुप्पट पैसे घेतात. दुपारीच जा.

फळ्यावर किमतीखाली बारीक अक्षरात ‘मिदी, सेमेन’ लिहिलेलं असेल तर तो दर फक्त कामाच्या दिवशी दुपारचा. शनिवार, रविवार, सणाची सुट्टी, काही चालणार नाही. भांडून उपयोग नाही, लिहिलेलं असतं.

इतक्या स्वस्तात त्यांना परवडतं कसं?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि खरं म्हणजे याचं उत्तर कळलं की बाकीची उत्तरं आपोआप सुटतात.

पहिलं म्हणजे निवड नसते. दिवसाला एक किंवा दोन मुख्य पदार्थ. सगळं गिऱ्हाईक तेच खाणार म्हणून माल मोजून आणता येतो, वाया जात नाही. दुसरं, महागडे तुकडे टाळतात. गालाचं, खांद्याचं चिवट मांस तीन-चार तास मंद आचेवर शिजवलं की लोण्यासारखं होतं. बुर्गोन्यचा प्रसिद्ध वाइनमधला रस्सा याच काटकसरीतून आला. तिसरं, माणसं कमी. पुष्कळ ठिकाणी नवरा-बायको दोघंच, एक चुलीपाशी आणि दुसरं टेबलांवर. आणि काही गावांत खानावळीची इमारतच ग्रामपालिकेच्या मालकीची असते. शेवटची खानावळ बंद पडू नये म्हणून गाव ती जागा विकत घेतं आणि एखाद्या जोडप्याला चालवायला देतं.

तेव्हा तुम्ही तिथे जाऊन ‘हे नको, त्याऐवजी ते द्या’ म्हणालात, दोन वाजून गेल्यावर पोहोचलात, सहा जणांचं टेबल धरून चौघंच गेलात, तर तुम्ही त्यांच्या स्वस्ताईच्या मुळावरच घाव घालता. त्यांचा चेहरा पडतो तो उर्मटपणा नसतो.

‘मेन्यू’, ‘कार्त’, ‘फॉर्म्युल’… यात फरक काय?

आपण ज्याला मेन्यू म्हणतो ती त्यांची ‘कार्त’. त्यांचा ‘मेन्यू’ म्हणजे ठरलेल्या किमतीचं पूर्ण जेवण. आपल्या थाळीसारखं, फक्त पदार्थ एकामागून एक येतात. ‘फॉर्म्युल’ म्हणजे त्यातले दोनच घ्यायचे, सुरुवात आणि मुख्य किंवा मुख्य आणि गोड. ‘प्ला द्यु जूर’ म्हणजे दिवसाचा एकच मुख्य पदार्थ.

‘आँत्रे’ हा फ्रान्समध्ये सुरुवातीचा पदार्थ असतो. अमेरिकेत राहून आलेले लोक तो मुख्य समजून मागवतात आणि मग इवल्याशा बशीकडे बघत बसतात.

कार्तवरून सुटे पदार्थ मागवले तर तेच जेवण बरंच महाग पडतं. बिबची खूण मेन्यूच्या हिशोबाने मिळालेली असते, हे विसरून लोक सुटं मागवतात आणि ‘कसलं स्वस्त’ म्हणून परततात.

पाणी, पाव, कर, टिप यांचे वेगळे पैसे?

नाहीत. १९६७ च्या सरकारी आदेशानुसार जेवणाच्या किमतीत पाव, साधं पाणी, मीठ-मसाले, ताट-वाट्या, रुमाल सगळं धरलेलं असतं. बसल्यावर ‘काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी सुरईत येईल, फुकट. नुसतं ‘दो’ म्हटलंत तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. पाव संपला तर परत मागता येतो.

छापलेल्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही आलेले असतात. जेवणावर १० टक्के आणि दारूवर २० टक्के कर, तो बिलाच्या तळाशी दिसेल पण वर चढत नाही. टिप सक्तीची नाही. जेवण आवडलं तर दोन-चार युरो टेबलावर ठेवतात, नाही ठेवले तरी कुणी मागे धावत येत नाही.

किमती दाराबाहेर लावणंही बंधनकारक आहे, १९८७ पासून. दुपारसाठी साडेअकरापासून आणि रात्रीसाठी सहापासून तरी मेन्यू बाहेर वाचता आला पाहिजे. आत शिरण्याआधी निवांत वाचा, त्यात कमीपणा नाही. तिथले लोकही तेच करतात.

किती वाजता पोहोचावं?

दुपारी सव्वाबारा ते एक. रात्री साडेसात ते आठ. दुपारी दीडनंतर खेड्यात पोहोचलात तर जेवण मिळेल याची खात्री नाही, दोननंतर मिळणार नाही असंच समजा. चार वाजता ‘काहीतरी हलकं’ हा प्रकार नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी बहुतेक जागा बंद असतात, काही मंगळवारीही. शिवाय वर्षातून काही आठवडे मालक स्वतः सुट्टीवर जातात आणि दारावर चिठ्ठी लावतात.

रविवारची दुपार मात्र गावाची. आजी-आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं येतात, जेवण तीन तास चालतं. बघायला सुंदर, पण जागा मिळणं कठीण आणि दरही वरचा.

आधी फोन करावा लागतो का?

हो. वीस-पंचवीस खुर्च्यांच्या जागी हे सोडू नका. ईमेलला उत्तर येईलच असं नाही, फोनच करा, पण जेवणाच्या ऐन गर्दीत नको. सकाळी दहा-अकराला करा. फ्रेंच येत नसेल तर राहत्या हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला करायला सांगा. येणं रद्द झालं तर कळवा. दोघांच्या खानावळीत चार रिकाम्या खुर्च्या म्हणजे त्या दिवसाचा नफा गेला.

आम्ही शाकाहारी आहोत. काही मिळेल का?

खरं सांगायचं तर हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि ‘हो हो, मिळतं की’ असं सांगणाऱ्यांनी बऱ्याच जणांना उपाशी ठेवलं आहे.

मुलखाचं पारंपरिक जेवण म्हणजे तिथे मांस, चरबी आणि हाडांचा रस. पदार्थाच्या नावात भाजी असली तरी आत ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे, असू शकतात. ल प्युईच्या हिरव्या मसुरी जगप्रसिद्ध आहेत, त्यांना १९९६ साली उगमस्थानाची अधिकृत ओळख मिळाली. पण खानावळीत त्या बहुधा खारवलेल्या डुकरासोबतच येतात. अल्सासचा पातळ, कुरकुरीत ‘टार्ट फ्लाँबे’ पिझ्झासारखा दिसतो म्हणून मुलांना भुलवतो, त्यावरही तेच तुकडे. कांद्याचं सूप बऱ्याचदा बीफच्या पाण्यात केलेलं असतं.

मग खायचं काय? ओब्राकच्या पठारावरचं ‘अलिगो’, म्हणजे बटाट्यात ताजं चीज घोटून केलेला, हातभर तार सुटणारा गोळा. सोबतचं सॉसेज ‘नको’ म्हणायचं. दोफिनेचा सायीत भाजलेला बटाटा, ‘ग्रातँ दोफिन्वा’. प्रोव्हाँसमधलं ‘सूप ओ पिस्तू’, म्हणजे शेंगा-घेवड्याचं सूप आणि वर तुळशीच्या जातीच्या पानांची लसणाबरोबर वाटलेली चटणी. ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाचं धिरडं, ‘गालेत’, चीज-अंडं किंवा मशरूम घालून. ब्रिटनी हा शाकाहाऱ्यांसाठी त्यातल्या त्यात सुखाचा मुलूख.

फोन करतानाच ‘साँ व्यांद, साँ प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं सांगा. नुसतं ‘व्हेजेतारिएँ’ म्हटलं तर काही जुन्या मंडळींना मासे चालतात असं वाटतं. दोन दिवस आधी सांगितलंत तर चांगला आचारी मन लावून काहीतरी करतो, ऐनवेळी सांगितलंत तर ऑम्लेट.

कडक शाकाहारी असाल तर चीजकडे नीट बघा. पारंपरिक फ्रेंच चिजांमध्ये दूध नासवायला ‘प्रेझ्युर’ वापरतात, ते वासराच्या जठरातून काढलेलं असतं. थंड, थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं. आणि कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असेल तर या खानावळींच्या वाटेला न गेलेलं बरं. बाजारातून फळं, पाव, सुकामेवा घ्या आणि नदीकाठी बसा. तेही वाईट नाही.

मांसाहार चालतो, पण बीफ किंवा पोर्क नको. ओळखायचं कसं?

‘बफ’ म्हणजे बीफ, ‘व्हो’ म्हणजे वासरू, ‘पोर’ म्हणजे डुक्कर. ‘जाँबों’ आणि ‘लार’ हेही डुक्करच. ‘पूले’ कोंबडी, ‘कानार’ बदक, ‘आन्यो’ कोकरू. ‘व्होलाय’ लिहिलं असेल तर कोंबडी किंवा तशाच एखाद्या पक्ष्याचं मांस. मांस कोणत्या देशातलं हे लिहिणं बंधनकारक आहे, तो फलक भिंतीवर दिसेल. पण रस्सा कशात शिजवला हे त्यात नसतं, ते विचारावंच लागतं.

शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध असल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती लेखी उपलब्ध ठेवायचा नियम आहे. ॲलर्जी असेल तर ती यादी मागा, संकोच करू नका.

कुठल्या मुलखात काय खावं?

याची यादी करायला बसलं तर दुसरं पान लागेल. थोडक्यात, नैर्ऋत्येला बदक आणि पांढऱ्या घेवड्याचं ‘कासूले’, ब्रेसमध्ये सायीतली कोंबडी (तिथल्या कोंबडीला १९५७ पासून कायद्याने संरक्षित नाव आहे), जुरात कोंते चीज, अल्सासमध्ये आंबवलेल्या कोबीचं ‘शुक्रूत’, ओव्हेर्न्यमध्ये बटाट्याचं ‘त्रुफाद’. समुद्रापासून दूरच्या खेड्यात कोळंबी आणि डोंगरात ताजी मासळी मागवू नका, एवढं तारतम्य पुरे.

मुलांना नेलं तर चालेल?

चालतं. बहुतेक ठिकाणी मुलांचा वेगळा, स्वस्त मेन्यू असतो, पण तो बऱ्याचदा बटाट्याच्या तळलेल्या काप्या आणि मांसाचा तुकडा असतो. मोठ्यांचाच पदार्थ अर्धा मिळेल का विचारा. मुलांनी टेबलांमधून धावणं मात्र खपत नाही.

वाइन घ्यावीच लागते का?

अजिबात नाही. पाण्यावर जेवण झालं तरी कुणी भुवई उंचावत नाही. घ्यायची असेल तर बाटलीऐवजी ‘पिशे’ मागा, म्हणजे सुट्या वाइनची छोटी सुरई. स्वस्त पडते. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, नवख्या परवान्यावर ०.२. खेड्यात रात्री टॅक्सी मिळणं दुरापास्त, हेही लक्षात ठेवा.

तिथेच मुक्काम केला तर?

माझ्या मते खेड्यातल्या ओबेर्जचा खरा फायदा इथेच आहे. ‘देमी-पाँसिओं’ म्हणजे खोली, रात्रीचं जेवण आणि न्याहारी मिळून एक दर. कामानिमित्त फिरणाऱ्यांसाठी ‘स्वारे एताप’ नावाचा असाच एकत्र दर काही ठिकाणी असतो, तो आठवड्याच्या रात्रींचा. एकटे असाल तर विचारून बघा. खोल्या साध्या असतात, जिना करकरतो, चर्चची घंटा पहाटे उठवते.

उरलेलं बांधून मागितलं तर हसतील का?

पूर्वी कदाचित. जुलै २०२१ पासून मागितल्यावर डबा देणं जेवणघरांवर बंधनकारक आहे. तरी खेड्यात ताट पुसून घेतलेलंच आवडतं. पावाच्या तुकड्याने रस्सा निपटून घ्या, चुलीपाशी बातमी पोहोचते.

बिल कधी आणतात?

मागितल्याशिवाय नाही. बिल आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ असं सांगणं, आणि ते त्यांना असभ्य वाटतं. गोड झाल्यावर कॉफी वेगळी येते, दुधाशिवाय. मग शांतपणे ‘लादिसिओं, सिल वू प्ले’ म्हणा. आणि आत शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका. त्याशिवाय विचारलेल्या प्रश्नाला तिथे कोरडंच उत्तर मिळतं.

उशीर झाला, चूल बंद, गावात दुसरं काही नाही. आता?

बेकरी दुपारी बंद होऊन साधारण चारच्या सुमारास पुन्हा उघडते. पाव, चीज, टोमॅटो घ्या आणि चर्चसमोरच्या बाकावर बसा. जाताना ओबेर्जच्या दारावरचा उद्याचा मेन्यू आणि फोन नंबर यांचा फोटो काढून ठेवा. उद्या सोमवार नाही ना, तेवढं बघा.